काटा चौदावर

माझ्या धाकट्या लेकीला जुळी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. दोन्ही मुलीच. लेक बाळंतपणाला माझ्याकडे होती आणि घरात लंगोट वाळत घालायला दोरी पुरेना. म्हणून मी मागच्या शेडमध्ये विमानाच्या पंखाखालून एक दोरी बांधली. त्यावरून माझ्या भावाने माझ्याशी अबोला धरला. पंखाचं कापड मी शिवलेलं, दोरी मी बांधलेली, लंगोट त्याच्याच नातींचे. पण ओल्या कपड्याचं पाणी रंगावर उडेल, ही त्याची धास्ती.

विमान म्हणजे खरंखुरं, माणसं बसणारं विमान. दोघांपुरतं, शेजारी शेजारी बसायचं. ते माझ्या भावाने शेडमध्ये आपल्या हाताने बांधलं होतं.

भाऊ माझ्याहून लहान. जन्मभर त्याने मोटारी रंगवल्या. सगळे त्याला पेंटर म्हणत. मी रागावले की मीसुद्धा पेंटर म्हणायचे. शहराच्या कडेला गवताचं एक मैदान होतं, तिथून शेतांवर फवारणी करणारी छोटी विमानं उडायची. त्यांना रंग द्यायलाही त्यालाच बोलवत. वैमानिक म्हणायचे, पेंटर, चल, एक चक्कर मारून आणतो. हा म्हणायचा, "दुसऱ्याच्या विमानात नाही बसायचं. बसेन तर माझ्या."

लोकांना वाटलं, गंमत करतोय. मला माहीत होतं, हा गंमत करत नाही.

उघडं लोखंड दिसलं की त्याचा हात शिवशिवायचा. नवऱ्याच्या माघारी मी त्याच्याकडे राहायला आले, तेव्हा माझं शिवणयंत्र बरोबर आणलं. दुसऱ्या दिवशी बघते तर यंत्र काळंभोर चकाकतंय, कडेने सोनेरी रेघ. मी कौतुकाने बसले, तर चाक हलेना. पठ्ठ्याने तेलाच्या भोकांतसुद्धा रंग भरला होता. सुईने ती भोकं कोरताना मी त्याला जे काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण दिसतंय कसं, ते सांग."

असा माणूस विमान बांधायला बसल्यावर वर्षं लागणारच. एकेक नळी घासून, प्रायमर मारून, रंग देऊन, वाळवून मगच पुढची. वहिनी तोवर गेली होती. त्याची मुलगी, जिला आम्ही भिंगरी म्हणतो, लहानपणी त्या मैदानावरच पडीक असायची. मोठी होऊन ती स्वतःच वैमानिक झाली आणि दुसऱ्या शहरात लोकांना विमान शिकवायला लागली. सुटी मिळाली की यायची आणि बापाच्या कामातल्या चुका काढायची.

विमान पुरं होत आलं आणि भावाची छाती बोलायला लागली. जन्मभर तोंडाला फडकंसुद्धा न बांधता रंग उडवलेला, तो सगळा आत जाऊन बसला होता. जिना चढला तरी धाप लागायची. डॉक्टरांनी भिंगरीला आणि मला समोर बसवून सांगितलं, "उंचावरची हवा विरळ असते. येत्या हिवाळ्यापर्यंत थोडा वेळ वर नेलंत तर चालेल. त्यानंतर विमानाचं नाव काढू नका."

आणि परवाना देणारा निरीक्षक आमच्या मैदानावर वर्षातून एकदाच यायचा. तो यायला महिना उरला होता. या खेपेला त्याने विमान पास केलं नाही, तर पुढच्या खेपेला विमान असेल, पण भाऊ त्यात बसू शकणार नाही.  

विमानाचं इंजिन एका मोटारीचं होतं. त्याला ठिणगी लागते ती विजेवर, पेट्रोल पुढे ढकलणारा पंपही विजेवर. ही वीज बॅटरीतून येते आणि बॅटरी भरत ठेवतो अल्टरनेटर. इंजिनाच्या पट्ट्यावर गरगर फिरणारा, दुधीएवढा एक डबा. तो नीट चालत असेल तर समोरच्या मीटरचा काटा चौदा व्होल्टवर असतो. बारावर आला की समजायचं, आता बॅटरी नुसती खर्च होतेय. ती संपली की इंजिन बंद. मोटार बंद पडली तर रस्त्याच्या कडेला लावता येते. विमान कुठे लावणार?

तो अल्टरनेटर भावाच्या जुन्या दोस्ताने बसवून दिला होता. दोस्ताचं चौकात मोटारींच्या विजेच्या कामाचं दुकान, म्हणून तो बॅटरीवाला. दोघांची जोडी अशी की एक दिवस भांडण झालं नाही तर मला वाटायचं, कुणाला तरी ताप आला असेल.

पहिल्यांदा इंजिन चालवलं तेव्हा काटा चौदावर जाऊन खिळल्यासारखा उभा राहिला. बॅटरीवाल्याने कॉलर ताठ केली. भाऊ म्हणाला, "माझ्या रंगाला घाबरून चाललं ते."

मग निरीक्षकाची तारीख कळली आणि भाऊ विमान चकाचक करायच्या मागे लागला. त्यानंतर भिंगरी सुटी घेऊन आली, तिने इंजिन चालवलं आणि एकेक बटण दाबत गेली. पंप, रेडिओ, पंखावरचे दिवे. प्रत्येक बटणागणिक काटा खाली येत गेला आणि बारावर जाऊन बसला.

"तुझा डबा गचकला," भावाने बॅटरीवाल्याला फोनवर सांगितलं.

बॅटरीवाला धावत आला. "गचकेल कसा? आतल्या तारा मी स्वतः गुंडाळल्यात."

"म्हणूनच गचकला."

पट्टा ढिला असेल म्हणून ताणून बघितला. वीज आवरणारा आतला तुकडा बदलला. अल्टरनेटरपासून बॅटरीकडे जाणारी जाड वायर नवी टाकली. बटण बदललं. दर वेळी आम्ही विमानाचं शेपूट शेडच्या खांबाला बांधायचं, चाकांना ठोकळे लावायचे, इंजिन चालवायचं, आणि दर वेळी काटा आपला बारावर. जुळ्यांना मात्र त्या आवाजाची इतकी सवय झाली की इंजिन बंद केलं की त्या रडायच्या.

एक दिवस भावाचा तोल गेला. "लोकांच्या खटारा गाड्यांना जे खपतं, ते मला लावलंस तू," तो बॅटरीवाल्याला म्हणाला. "दोस्तीत सुद्धा चोरी करायची?"

बॅटरीवाला एरवी एका वाक्याला दोन परत करणारा माणूस. त्या दिवशी त्याने पाना उचलला. अल्टरनेटर सोडवला, फडक्यात गुंडाळला आणि भिंगरीला म्हणाला, "चल माझ्यासोबत. ताई, तुम्हीही चला. साक्षीदार हवा."

दुकानात त्याने तो डबा टेबलावरच्या शिकंज्यात आवळला, त्याच्या अंगाला एक चिमटा लावला, पट्टा चढवला आणि मोटरने फिरवला. मग मोटारीचे जुने दिवे एकामागून एक जोडत गेला. दुकान लख्ख उजळलं. काटा चौदावर, जरासुद्धा हलला नाही.

"बघितलंत?" तो म्हणाला. "मग त्याला सांगा. मी काही आता तुमच्याकडे येणार नाही."

त्याने डबा पुन्हा फडक्यात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला, एखाद्याची ठेव परत करावी तसा.

भिंगरीने तो विमानावर परत बसवला. काटा पुन्हा बारावर.

निरीक्षक रविवारी यायचा होता आणि हा होता गुरुवार. भाऊ शेडमध्ये उलट्या बादलीवर बसून राहिला. भिंगरी त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"बाबा, नीट आठवा. पहिल्यांदा चालवलं तेव्हा चौदा होतं. मी आले तेव्हा बारा. मधल्या काळात तुम्ही काय बदललं?"

"काही नाही."

"एखादी वायर हलवली? एखादा बोल्ट?"

"सांगितलं ना, काही नाही बदललं. विश्वास नसेल तर तुझ्या आत्याला विचार."

"मला कशाला मध्ये घेतोस?" मी म्हणाले. "मी लंगोट धुत होते."

भिंगरी उठली. "ठीक आहे. मग आपण वीज कुठे गळते ते शोधू. आत्या, तू माझ्या शेजारी बस आणि मीटरवरचा आकडा वाचायचा."

आकडे मला पहिल्यापासून येत होते. अक्षरं साठीनंतर भिंगरीनेच शिकवली, याच विमानाच्या वायरींना बांधलेल्या चिठ्ठ्यांवरून. त्यामुळे या विमानात कुठली वायर कुठे जाते, ते मला घरातल्या माणसांइतकं पाठ होतं.

इंजिन बंद असताना तिने मीटरच्या दोन लांब तारा चिमट्यांनी लावल्या आणि आत बसायच्या जागेपर्यंत ओढून घेतल्या, म्हणजे विमानाच्या नाकावरच्या फिरत्या पंख्याजवळ कुणी उभं राहायला नको. एक तार अल्टरनेटरच्या अधिक टोकाला, दुसरी बॅटरीच्या अधिक टोकाला.

"हे दोन्ही एकाच वायरची दोन टोकं," ती मला म्हणाली. "वायर चांगली असेल तर मधे काही आकडा दिसायला नको. जितका आकडा, तितकी वीज वाटेत अडतेय."

इंजिन सुरू झालं, दिवे लागले. मांडीवरचं मीटर मी डोळ्यांजवळ धरलं. "शून्य, मग टिंब, मग शून्य एक."

"म्हणजे काही नाही. जायची वाट मोकळी आहे. आता यायची बघू."

"यायची कसली?"

"अगं, वीज गेली की तिला परत यायला पण वाट लागते. परतीची वायर नाही ठेवलेली. ती इंजिनाच्या लोखंडातूनच येते, आणि इंजिनाकडून जाड पट्टीने बॅटरीकडे."

ती पट्टी पहिल्यापासून घट्ट होती. सुरू करताना लागणारी सगळी वीज तिच्यातूनच जायची आणि इंजिन एका दमात फिरायचं, म्हणून या बाजूवर कुणाचाच संशय गेला नव्हता. इंजिन बंद करून तिने तारा बदलल्या. एक बॅटरीच्या उणे टोकाला, एक अल्टरनेटरच्या उघड्या अंगाला. पुन्हा इंजिन, पुन्हा दिवे.

"एक," मी ओरडले. "टिंब. आठ!"

"परत वाच."

"एक टिंब आठ. आता नऊ. भिंगरे, हे वाढतंय."

तिने इंजिन बंद केलं. शेडमध्ये एकदम शांतता झाली आणि घरातून जुळ्यांनी सूर लावला. भिंगरी खाली उतरून इंजिनापाशी गेली.

"इंजिनाकडून बॅटरीपर्यंत पट्टी चांगली आहे," ती स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली. "म्हणजे अडतंय ते अल्टरनेटर आणि इंजिन यांच्या मधे. पण मधे आहे काय? नुसता ब्रॅकेट. लोखंडावर लोखंड. बोल्ट घट्ट."

मी खाली उतरले आणि डोकावून बघितलं. अल्टरनेटर ज्याच्यावर बसतो तो ब्रॅकेट काळाभोर चकाकत होता. इतका, की त्यात माझं तोंड दिसलं. मला माझं शिवणयंत्र आठवलं.

"काय रे पेंटर," मी म्हणाले, "याची तेलाची भोकं पण बुजवलीस का?"

मी आपली टोमणा मारला होता. पण भिंगरी जागच्या जागी वळली.

"बाबा, हा ब्रॅकेट तुम्ही काढला होता?"

"काढला होता. निरीक्षक येणार, आणि त्यावर ओरखडा. बरं दिसतं का ते?"

"मी मघाशी विचारलं, काय बदललं. तुम्ही म्हणालात, काही नाही!"

"मग बदललं कुठे? तोच ब्रॅकेट, तेच बोल्ट." भाऊ खरोखरच गोंधळला होता. "फक्त रंग दिला."

"कुठे कुठे दिला?"

"कुठे कुठे म्हणजे? सगळीकडे. प्रायमर, वर तीन हात, भट्टीत भाजून काढला."

"पाठीमागून? जिथे तो इंजिनाला टेकतो तिथे?"

"मग पाठ काय उघडी ठेवू? गंजायला?"

भिंगरीने दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि हसायलाच लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. बापाला कळेना की ही हसतेय की रडतेय. मग तिने त्याला समजावलं. रंगातून वीज जात नाही. बोल्टाच्या आट्यांतून जेवढी झिरपेल तेवढीच परत येते. एखाद्या दिव्यापुरती ती पुरते, सगळं चालू केलं की पुरत नाही. टेबलावर शिकंज्यातला डबा चौदा दाखवतो, कारण तिथे चिमटा थेट त्याच्या अंगाला.

भावाने सगळं ऐकलं. त्याने त्या ब्रॅकेटवरून बोट फिरवलं. त्याच्या हातून झालेलं ते चांगलं काम होतं, एक सुरकुती नाही, एक ओघळ नाही. मग म्हणाला, "सोडव."

ब्रॅकेट हातात आल्यावर त्याने कुणाला हात लावू दिला नाही. रंग काढायची पत्री घेतली आणि बादलीवर बसून पाठ खरवडायला लागला. काळ्याखालून करडा प्रायमर आला, प्रायमरखालून पांढरंशुभ्र लोखंड. मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा रंग काढताना बघत होते, आणि तो चांगलाच चिवट निघाला. अर्ध्यावर भावाला दम लागला. भिंगरीने हात पुढे केला. त्याने मान हलवली, ब्रॅकेट फडक्यात गुंडाळला आणि चपला घालून बाहेर पडला.

मी मागोमाग गेले. चौक काही लांब नाही, पण तो दोनदा भिंतीला टेकला. बॅटरीवाला दुकानात पाठ करून बसला होता. आम्ही आलेलो त्याला कळलं होतं.

भाऊ स्टुलावर बसला. श्वास जागेवर यायला वेळ लागला.

"चहा पाजतोस का?" तो म्हणाला.

"चोराच्या घरचा चालेल?"

"चालेल. साखर कमी टाक."

मग त्याने फडकं उघडून ब्रॅकेट टेबलावर ठेवला. "हा घे. अर्धा मी खरवडलाय. पुढे दम पुरेना. उरलेला तू कर."

बॅटरीवाल्याने ब्रॅकेट उचलला. पुढून बघितला, मागून बघितला. त्याला काय ते एका नजरेत कळलं, पण तो मुद्दाम सावकाश बघत राहिला.

"हे तू खरवडलंस? स्वतःच्या हाताने?"

"हो."

"ताई, खरं सांगतोय का हा? थांबा, याचा एक फोटो काढून दुकानात लावतो."

"लाव," भाऊ म्हणाला. "पण फोटोत माझी चांगली बाजू घे."

माफी वगैरे कुणी मागितली नाही. चहा आला, साखर जास्तच होती.

शुक्रवारी दोघांनी मिळून ब्रॅकेट बसवला. इंजिनाला टेकणारी बाजू उघडी, अल्टरनेटर टेकतो ती जागा उघडी, बोल्टांखालच्या चकत्या घासलेल्या. गंजू नये म्हणून जरासं ग्रीस. शिवाय बॅटरीवाल्याने अल्टरनेटरच्या अंगापासून थेट इंजिनापर्यंत तांब्याची एक विणलेली पट्टी आवळली. "उद्या याला पुन्हा रंगाची लहर आली, तर असू दे," तो म्हणाला.

भिंगरीने इंजिन चालवलं. पंप, रेडिओ, दिवे, एकूण एक बटण. आम्ही दारात उभे. तिने आतून हात वर केला, चार बोटं आणि मुठीतून एक. आम्हाला कळेना. मग ती ओरडली, "चौदा!"

भावाने बॅटरीवाल्याच्या पाठीत गुद्दा मारला आणि स्वतःच खोकत खाली बसला.

रविवारी निरीक्षक आला. उंच, कोरडा माणूस. हसला तर फी लागेल असा चेहरा. त्याने विजेरी घेऊन विमान नखशिखांत तपासलं. इंजिनापाशी थांबला, ब्रॅकेटच्या कडेला चमकणाऱ्या पांढऱ्या लोखंडावर बोट ठेवलं.

"एवढं सुंदर काम, आणि इथे रंग राहिला?"

"राहिला नाही," भाऊ म्हणाला. "तसाच ठेवलाय."

निरीक्षकाने त्याच्याकडे बघितलं, परत लोखंडाकडे बघितलं आणि मान डोलावली. मग इंजिन चालवायला लावून, सगळे दिवे लावून, तो बराच वेळ काट्याकडे बघत बसला. काटा हलला नाही. त्याने सही केली.

नियम असा की पहिले काही तास वैमानिकाने एकट्यानेच उडवायचं, शेजारी कुणी नको. भिंगरी सुटीच्या दिवशी येऊन उडवायची. भाऊ मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसायचा, मी बाबागाडीत जुळ्यांना घेऊन शेजारी. ती उतरून आली की तो विमान कसं उडालं, हे विचारायचा नाही.

"काटा?" एवढंच.

"चौदा, बाबा."

हिवाळा लागता लागता तास पूर्ण झाले. एका स्वच्छ सकाळी भिंगरीने बापाला धरून आत बसवलं, पट्टे आवळले, मांडीवर माझी शाल घातली. बॅटरीवाला विमानाला चारही बाजूंनी फेरी मारून आला आणि खिडकीशी वाकून म्हणाला, "वर गेल्यावर काही पडलं तर उचलून आण."

विमान गवतावरून धावलं आणि सुटलं. माझे टाके घातलेले पंख उन्हात दिसले, मग ते वळलं, मग नुसता आवाज राहिला. बॅटरीवाला आभाळाकडे बघत पुटपुटत होता. मी विचारलं, काय म्हणतोस? म्हणाला, "काही नाही, माझ्या डब्याशी बोलतोय."

ते उतरले. भावाला खाली घेतलं तेव्हा त्याचे ओठ जरा निळसर होते आणि चेहरा असा, की मी त्याला लहानपणानंतर तसा बघितला नव्हता. बोलायला त्याला वेळ लागला. आम्ही वाट बघत होतो, आता काहीतरी मोठं बोलेल.

"वरून आपलं घर बघितलं," तो म्हणाला. "छप्पर गंजलंय ताई. रंग द्यायला पाहिजे."

ते छप्पर त्याने रंगवून घेतलं. खाली खुर्चीत बसून तो सांगत होता, वर बॅटरीवाला शिडीवर, आणि दिवसभर दोघांची भांडणं सगळ्या गल्लीला ऐकू जात होती. भिंगरी अजून ते विमान उडवते. जुळ्यांना आता तिच्या शेजारच्या जागेवर आळीपाळीने बसायचं असतं. उतरल्यावर मी विचारते, "काटा?" आणि ज्या पोरीची पाळी असेल ती सांगते.

माझा भाऊ त्या उड्डाणाच्या पुढच्या वर्षी, जुळी पहिली पावलं टाकायला लागली त्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी घरीच गेला.